परसातील नासपती झाडावरच पिकू द्यावी की कडक असतानाच उतरवावी?

परसबाग_सहकारनगर

नमस्कार. सहकारनगरातील आमच्या घराच्या मागच्या अंगणात नासपतीची दोन झाडे आहेत. सासऱ्यांची लष्करातील अखेरची बदली जालंधरला होती आणि निवृत्त होऊन पुण्याला येताना त्यांनी ही रोपे ओल्या गोणपाटात मुळे गुंडाळून आणली होती. रोपे कोणत्या वाणाची आहेत हे त्यांनी कुठे लिहून ठेवले नाही आणि आता विचारायला ते नाहीत. झाडे चांगली वाढली आहेत, फळेही धरू लागली आहेत. परंतु ती कधी आणि कशी उतरवावीत याविषयी घरात एकमत होत नाही.

पाण्याच्या टाकीजवळच्या झाडाची फळे जवळपास गोल असून त्यांच्या सालीवर तपकिरी ठिपके ठळक दिसतात. ती जुलैच्या शेवटापर्यंत झाडावर ठेवली तरी मऊ होत नाहीत आणि खाताना दाताखाली वाळूसारखी कचकच लागते. कुंपणालगतच्या झाडाची फळे देठाकडे निमुळती आहेत. ती बाहेरून हिरवी आणि हाताला घट्ट लागत असताना कापली, तर कित्येकदा बियांभोवतीचा गर तपकिरी आणि गिळगिळीत झालेला आढळतो. शेजारचे काका आंब्याप्रमाणे आढी घालायला सांगतात, तर आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मते झाडावर पिकेल तेच फळ गोड. दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे वाटते, म्हणून येथे विचारत आहे.

दुसरी शंका फुलोऱ्याविषयी आहे. फेब्रुवारीच्या मध्यास काही फांद्यांवर पांढरी फुले येतात, काही फांद्या मार्चमध्ये फुलतात आणि काहींवर एप्रिल उजाडला तरी फक्त टोकाला चार पाने असतात, बाकी काठी उघडीच राहते. त्यामुळे आज एकाच झाडावर मोठ्या लिंबाएवढी फळे आहेत आणि मुठीत न मावणारीही आहेत. कुंपणालगतच्या झाडाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. दोन्ही झाडांची फळे, पाने आणि फळांच्या बुडाचे जवळून घेतलेले फोटो सोबत जोडले आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फळबाग_निवृत्त

फोटो स्पष्ट आहेत, आणि फळाच्या बुडाचा फोटो आपण आवर्जून जोडलात हे फार उपयोगाचे झाले, कारण उत्तर तिथेच आहे. टाकीजवळच्या झाडाच्या फळाचे बूड गुळगुळीत आहे. फुलाच्या हिरव्या निदलांची वाळलेली चांदणी गळून गेली असून तिथे केवळ वर्तुळाकार वण उरला आहे. पानाच्या कडेचे दातेही केसासारख्या बारीक टोकाचे आहेत. ही आशियाई नासपतीची लक्षणे आहेत आणि पंजाबातून आलेले रोप म्हटल्यावर ते पत्थरनाख असण्याची शक्यता सर्वांत अधिक. कुंपणालगतच्या फळाच्या बुडाशी ती चांदणी अजून चिकटलेली आहे आणि पानाची कडही बरीच सौम्य आहे, म्हणजे त्या झाडात युरोपीय नासपतीचे रक्त आहे. बग्गूगोशा किंवा लेकाँट यांसारख्या मऊ वा निममऊ वाणांपैकी ते काहीतरी असावे. नेमके नाव फोटोवरून सांगणे धाडसाचे होईल आणि तोडणीसाठी त्याची गरजही नाही. आपल्या अंगणात दोन वेगळ्या स्वभावांची झाडे आहेत, म्हणून काका एका झाडापुरते बरोबर आहेत आणि मावशी बऱ्याच अंशी दुसऱ्या झाडापुरत्या.

युरोपीय रक्ताची नासपती आतून बाहेर पिकते. तिला झाडावरच पिकू दिले तर बाहेरचा गर मऊ होण्याआधी गाभा नासतो, आणि आपल्याला दिसणारा तपकिरी गिळगिळीत भाग हा रोग नसून तोच प्रकार आहे. ज्या देशांत बार्टलेट किंवा आंजू या जाती व्यापारासाठी पिकवतात, तिथेही फळ पूर्ण वाढलेले परंतु कडक असतानाच तोडतात, शून्याच्या आसपास तापमानात ठेवतात आणि नंतर बाहेर काढून पिकवतात. त्यामुळे कुंपणालगतचे झाड आढीचे आहे, याबद्दल शंका नको.

फळ तोडायला तयार झाले आहे का, हे पाहण्यासाठी दाबून बघू नका, कारण या टप्प्यावर ते दाबले जातच नाही आणि अंगठ्याचा डाग मात्र नंतर काळा पडतो. फळ तळहातावर घ्यावे, तर्जनी देठाच्या वरच्या टोकाशी, म्हणजे देठ फांदीला जिथे गाठीसारखा जोडलेला असतो तिथे टेकवावी आणि फळ हळूहळू वर उचलत आडवे करावे. तयार फळ आडवे होता होता त्या गाठीपाशी स्वच्छ सुटते आणि देठ फळाबरोबर येतो. पीळ द्यावा लागला, हिसका द्यावा लागला, तर ते फळ आठवडाभर तसेच राहू द्यावे. हिसका देण्याचा तोटा केवळ त्या फळापुरता नसतो. नासपतीला फळे येतात ती जुन्या लाकडावरील आखूड, सुरकुतलेल्या खुंट्यांवर, आणि तीच खुंटी पुढे अनेक वर्षे फुलते. फळासोबत ती मोडून आली की तेवढी जागा कायमची गेली असे समजावे. याच्या जोडीला आणखी दोन खुणा पाहाव्यात. सालीवरचे पांढुरके ठिपके तपकिरी होऊ लागतात आणि गडद हिरवा रंग फिकट होऊन त्यात पिवळसर झाक येते. तरीही खात्री नसेल तर एखादे फळ आडवे कापावे: बिया तपकिरी झाल्या असतील तर त्या आकाराची आणि रंगाची बाकीची फळे उतरवण्याजोगी झाली आहेत.

आपल्याकडे फुलोरा महिना-दीड महिना रेंगाळतो, त्यामुळे एकाच दिवशी झाड झोडून मोकळे होणे जमणार नाही. फुलापासून फळ तयार होईपर्यंत साधारण साडेचार ते पाच महिने लागतात हे खरे, परंतु आपल्या झाडावर प्रत्येक फांदीची जन्मतारीख वेगळी आहे. दर तीन-चार दिवसांनी शिडी लावून तयार फळे तेवढी उतरवणे हाच मार्ग आहे, आणि आषाढातल्या ओल्या शिडीवर चढताना खाली धरणारे माणूस असावे.

उतरवलेली फळे पुसून कोरडी करावीत, डाग पडलेली वेगळी काढावीत आणि उरलेली शीतकपाटात आठवडाभर ठेवावीत. मऊ जातींना ही थंडी मिळाली की त्या अधिक एकसारख्या पिकतात. नंतर ती कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्र अंथरलेल्या खोक्यात एकाच थरात मांडून सोबत दोन पिकलेली केळी ठेवावीत. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू पुरेसा असतो. पावसाळ्यातील पुण्याची हवा या कामाला उत्तम आहे, कारण तापमान तिशीच्या वर गेले की नासपती नीट पिकत नाही. फळ पिकल्याची परीक्षा पोटावर दाबून न करता देठालगतच्या मानेवर करावी. मान किंचित दबली की त्याच दिवशी खावे. पोट मऊ लागेपर्यंत थांबलात तर गाभा पुन्हा तपकिरी झालेला मिळेल. कोणी कार्बाइडची पुडी सुचवली तर ती घरात येऊ देऊ नका. फळे पिकवण्यासाठी तिच्या वापरावर कायद्याने बंदी आहे.

टाकीजवळच्या झाडाकडून मात्र मऊपणाची अपेक्षा ठेवू नये. दाताखाली येणारे कण म्हणजे जाड भिंतींच्या दगडी पेशी. त्या पेरूत आणि चिकूतही असतात, पत्थरनाखमध्ये जरा सढळ हाताने असतात. फळ वाढत असताना पाण्याचा ताण पडला तर त्या वाढतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत या झाडाचे पाणी चुकवू नये. हे फळ झाडावर पूर्ण तयार होऊ द्यावे, सालीला पिवळसर झाक आली की उतरवावे आणि चार-सहा दिवस घरात ठेवून कुरकुरीतच खावे. गार करून, साल काढून, पातळ काप करून मीठ-तिखट लावले तर कचकच फारशी जाणवत नाही. उरलेल्याचा साखरांबा करावा, कारण शिजवल्यावर हे फळ आपला आकार सोडत नाही आणि माझ्या मते याचा खरा उपयोग तोच आहे.

पिवळ्या पानांचे कारण बहुधा जमिनीत आहे. पुण्यातील काळ्या मातीत चुनखडी असते, त्यात विंधन विहिरीचे जड पाणी मिळाले की लोह जमिनीत असूनही झाडाला उचलता येत नाही, आणि शिरा हिरव्या राहून कोवळे पान पिवळे पडते. आळ्यात कुजलेले शेणखत भरपूर द्यावे, शक्य असेल तर पावसाचे साठवलेले पाणी वापरावे आणि चुनखडीच्या जमिनीत टिकणारे चिलेटेड लोह मातीतून द्यावे. साधे हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फारसे काही हाती लागत नाही.

एरंडवणे_गच्ची

माझे मत थोडे कटू वाटेल, परंतु पुण्यात नासपतीसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा ती जागा अंजिराला द्यावी. हाकेच्या अंतरावर पुरंदरचे अंजीर आहे, त्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते या हवेत न कुरकुरता दोन बहार देते. सरदार पेरू तर गणेशखिंडीतच 1927 साली निवडला गेला. जे झाड थंडीसाठी हटून बसते त्याची मनधरणी कशाला करायची?

निलगिरीत_होतो

अंजीर लावायला कोणाची हरकत नाही, पण फळे देणारे झाड काढून टाकण्याचा सल्ला मला पटत नाही. माझी बरीचशी नोकरी कुन्नूरला झाली. तिथल्या चहाच्या मळ्यांच्या कडेने आणि घरांच्या परसात नासपतीची झाडे सर्रास दिसतात, आणि तिथे पंजाब किंवा काश्मीरसारखा हिवाळा नाही, बर्फ तर नाहीच. अर्थात कुन्नूरची उंची 1800 मीटरहून अधिक आहे आणि पुण्याची 560 मीटर, त्यामुळे तिथली गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होणार नाही. तरीही मूळ प्रश्नातील फुलोऱ्याविषयीच्या शंकेचे उत्तर याच फरकात आहे.

नासपतीच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरील न उमललेल्या कोंबांना, हिवाळ्यात ठरावीक काळ थंडी लागते आणि ती बहुधा 7 अंश सेल्सिअसखालील तासांत मोजतात. बार्टलेटसारख्या जातीला असे 800 ते 1000 तास लागतात, तर पत्थरनाखचे त्याच्या एका लहान हिश्श्यात भागते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, पण सातच्या खाली तो क्वचितच आणि पहाटेपुरताच जातो. डोळ्यांची झोप अर्धवट होते, म्हणून काही डोळे फेब्रुवारीत उठतात, काही मार्चमध्ये आणि काही उठतच नाहीत; उघड्या राहिलेल्या काठ्या त्यांच्याच आहेत.

यावर पूर्ण उपाय नाही, परंतु आपल्याकडे बहार धरण्याची, म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण देऊन एकदम फुलवण्याची, जी रीत आहे तिचा उपयोग होतो. इंडोनेशियात पूर्व जावातील बाटू या गावी सफरचंदाच्या बागा आहेत. विषुववृत्ताजवळच्या त्या प्रदेशात थंडी जवळजवळ नसते, आणि तिथले बागायतदार तोडणीनंतर महिनाभराने झाडाची सगळी पाने हातांनी काढून टाकतात. डोळे गाढ झोपेत जाण्याआधीच फुटायला लावणे हे त्यामागचे तत्त्व आहे. पुण्यात नासपतीवर हे करायचे तर तोडणीनंतर लगेच करू नये, कारण पुढच्या फुलांचे डोळे भरण्यासाठी पाने पावसाळाभर कामाला लागलेली असतात. ऑक्टोबरच्या अखेरीस पाणी तोडावे, डिसेंबरमध्ये उरलेली पाने ओरबाडून न काढता देठाशी कात्रीने कापावीत, मधल्या फांद्या विरळ कराव्यात, सरळ वर गेलेले पानसोट बुडापासून काढावेत आणि जानेवारीच्या मध्यास खत देऊन पाणी सुरू करावे. नासपतीच्या फांद्या उभ्या वाढतात आणि उभ्या फांदीवर फळांच्या खुंट्या कमी येतात, म्हणून कोवळ्या फांद्यांना सुतळीने वजन बांधून त्या जमिनीकडे साधारण अर्ध्यावर झुकवाव्यात. सुतळी पावसाळ्यानंतर सोडायला विसरू नये, नाहीतर ती सालीत रुतते.

द्राक्षाच्या छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून नाशिक-सांगलीकडे हायड्रोजन सायनामाइड लावतात, हे अनेकांना ठाऊक असेल. तेच इथे लावावे असे कोणी सुचवेल, पण घराच्या अंगणात ते आणूच नये. ते विषारी आहे, त्वचेला आणि डोळ्यांना इजा करते, आणि हाताळल्यानंतर मद्य घेतल्यास गंभीर त्रास होतो.

ज्यांना कलमे बांधण्याचा नाद आहे त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. तैवानमध्ये ताइचुंगच्या परिसरातील सखल भागात थंडी पुरत नाही, तरी तिथे उत्तम जपानी जातींची नासपती पिकते. तेथील शेतकरी डोंगरावरून किंवा थेट जपानहून थंडी मिळालेल्या, फुलांचे डोळे असलेल्या काड्या आणतात आणि हिवाळ्यात त्या आपल्या कमी थंडीच्या झाडाच्या फांद्यांवर पाचर कलमाने बसवतात. काडी फुलते, फळ धरते, उन्हाळ्यात उतरते, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा नव्या काड्या बांधाव्या लागतात. व्यापारासाठी हे कष्टाचे काम आहे, पण परसातल्या एका झाडावर दहा-बारा काड्या बांधून पाहणे कोणालाही शक्य आहे. हिमाचलमधून जानेवारीत कोणी येणार असेल तर ओल्या कापडात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या मागवाव्यात.

परसबाग_सहकारनगर

दोन्ही सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. आज सकाळी कुंपणालगतच्या झाडावर आडवे करण्याची परीक्षा केली. वरच्या, उन्हाकडच्या फांदीवरील बरीच फळे हाताला अलगद सुटली आणि खालच्या सावलीतील एकही सुटले नाही. अंजिराचा सल्लाही लक्षात ठेवते, पण सासूबाई या झाडांना हात लावू देतील असे वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पोपट आणि बुलबुल फळे टोचतात आणि काही फळांत बारीक पांढऱ्या अळ्या निघाल्या. फळांना कागदी पिशव्या बांधल्या तर पावसात टिकतील का? आणि फुले भरपूर असूनही फळे कमी धरतात, त्याला मधमाश्या कमी असणे हे कारण असू शकते का?

फळबाग_निवृत्त

उन्हाकडची फळे आधी सुटणे स्वाभाविक आहे. सावलीतल्यांना आणखी आठ-दहा दिवस द्यावेत.

अळ्या फळमाशीच्या असाव्यात. साल पिवळसर होऊ लागली की मादी सालीला भोक पाडून आत अंडी घालते, म्हणून कडक असतानाच फळे उतरवण्याचा हाही एक फायदा आहे. मिथाइल युजेनॉलचा सापळा झाडापासून थोड्या अंतरावर टांगावा. त्यात केवळ नर अडकतात, त्यामुळे तो फळे लिंबाएवढी असतानाच लावला तर उपयोग होतो. आता लावून या हंगामात फार फरक दिसणार नाही. खाली पडलेले प्रत्येक फळ रोज उचलून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हात ठेवावे. ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाकले तर आपणच माश्या पोसतो. कागदी पिशव्या पुण्याच्या जुलैत टिकत नाहीत. जुन्या मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या शिवाव्यात, त्या देठाशी दोऱ्याने आवळाव्यात आणि फळाला कापड चिकटणार नाही एवढ्या सैल ठेवाव्यात, कारण चिकटलेल्या कापडातून माशी अंडी घालू शकते. पक्ष्यांचाही बंदोबस्त त्यातच होतो, आणि झाडाच्या शेंड्यावरची पाच-सात फळे त्यांच्या वाट्याची म्हणून सोडावीत.

मधमाश्यांविषयीची आपली शंका रास्त आहे, परंतु माश्या अंगणात असूनही नासपतीवर येत नाहीत असे होऊ शकते. या फुलांच्या मधुरसात साखर कमी असते, आणि त्याच सुमारास जवळपास शेवगा फुललेला असेल तर सातेरी, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाश्या, तिकडे वळतात. शिवाय नासपतीला बहुतेक वेळा दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. आपल्याकडे दोन वेगळी झाडे आहेत, पण दोन्ही एकाच वेळी फुलत नसतील तर त्याचा लाभ मिळत नाही. येत्या फेब्रुवारीत कोणते झाड कोणत्या आठवड्यात फुलते याची नोंद ठेवावी. टाकीजवळचे आधी फुलत असेल तर त्याची थोडी फुले सकाळी खुडून त्यांतील परागकोश कागदावर सावलीत वाळवावेत, मिळालेला पराग घट्ट झाकणाच्या कोरड्या बाटलीत शीतकपाटात ठेवावा आणि कुंपणालगतचे झाड उमलले की रंगकामाच्या मऊ कुंचल्याने फुलांवर लावावा. प्रत्येक गुच्छातील दोन-तीन फुलांना लावला तरी पुरे, कारण सगळीच फळे धरली तर मार्चअखेर आपल्यालाच ती विरळावी लागतील; एका गुच्छात एक, फार तर दोन फळे ठेवावीत.